मुंबईला जाण्याआधीची वर्षे : कोकणातले खेळाडू आणि त्यांना घडवणारे मार्गदर्शक

लालमाती (धागाकर्ता)

रत्नागिरीत १९०९ साली जन्मलेले दत्ताराम हिंदळेकर भारताकडून ४ कसोटी सामने खेळले. १९३६ आणि १९४६ या दोन्ही इंग्लंड दौऱ्यांसाठी यष्टिरक्षक म्हणून त्यांची निवड झाली होती. १९४६ च्या मँचेस्टर कसोटीत भारताचा नववा गडी बाद झाला तेव्हा खेळ संपायला १३ मिनिटे उरली होती. अकराव्या क्रमांकावर आलेल्या हिंदळेकरांनी रंगा सोहोनी यांच्या साथीने ती वेळ काढली आणि सामना वाचवला. पुढे तीनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुंबई पोर्ट ट्रस्टमधल्या तुटपुंज्या पगारावर संसार चालवणाऱ्या या कसोटीपटूला आजारपणात वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्यांच्या नात्यातले विजय मांजरेकर पुढे भारताचे मोठे फलंदाज झाले आणि मांजरेकरांचे चिरंजीव संजय यांनीही कसोटी क्रिकेट गाजवले. या घराण्याबद्दल लिहिले गेले ते बहुतेक मुंबईचे घराणे म्हणूनच.

रमाकांत आचरेकर सरांच्या बाबतीतही हेच झाले आहे. सरांचा जन्म १९३२ साली मालवणात झाला. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम दर्जाचा एकच सामना आहे. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर अशी शिष्यांची रांग उभी केली. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री त्यांना मिळाले. यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे, एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर शिष्याला नेणारी स्कूटर आणि 'छान खेळलास' हे शब्द कधीही न उच्चारणारा गुरू, या आठवणी महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. या सगळ्या आठवणी शिवाजी पार्कवर सुरू होतात आणि तिथेच संपतात.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि कबड्डीचे संघ बांधले. आपल्याकडच्या खेळाडूंची चरित्रे, मुलाखती, सत्काराच्या वेळची मानपत्रे मी आवर्जून वाचतो. त्यांत पहिली बारा-चौदा वर्षे बहुधा एका वाक्यात उरकलेली असतात : 'लहानपणापासून खेळाची आवड होती.' आवड सगळ्यांनाच असते. चढाईला जाताना पाऊल कुठे टाकायचे, मध्यरेषेपासून किती आत गेल्यावर कोपरारक्षकाचा हात आपल्या घोट्यापर्यंत पोहोचतो, पकड बसल्यावर अंग कोणत्या बाजूला टाकायचे, हे आवडीतून येत नाही. ते कुणीतरी रोज संध्याकाळी उभे राहून शिकवलेले असते, आणि ते त्या वयात शिकले नाही तर नंतर मुंबईतला कितीही मोठा प्रशिक्षक ते पुरते बसवू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागातली परिस्थिती जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, तरी बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. शालेय स्पर्धा सुरू होतात त्या ऐन पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या काळात मातीचे मैदान वापरता येत नाही. मग सराव शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या उदार माणसाच्या रिकाम्या गोदामात होतो. तालुका आणि जिल्हा जिंकल्यावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या मुलांना विभागीय स्पर्धेसाठी घाट चढून जावे लागते, कारण आपण कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे राज्य पातळीवर पोहोचण्याआधी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या मुलांना हरवावे लागते. त्या जिल्ह्यांत तालमींची परंपरा आहे, बारमाही मैदाने आहेत आणि खुराकाची जाण घराघरात आहे. विभागात हरलेल्या मुलाच्या नावापुढे कागदोपत्री काहीच उरत नाही. त्याला तिथपर्यंत नेणाऱ्या शिक्षकाच्या नावापुढेही उरत नाही.

या धाग्यावर दोन गोष्टींबद्दल लिहावे अशी विनंती आहे. पहिली, आपल्या गावात, तालुक्यात मुलांना खेळ शिकवणाऱ्यांचे काम नेमके कसे चालते, त्यांचा चरितार्थ कशावर चालतो. दुसरी, खेळात पुढे जायचे तर मुलाने तेरा-चौदाव्या वर्षी कोकण सोडलेच पाहिजे का. खाजगी व्यक्तींची नावे कृपया लिहू नयेत.

गिरणगावकर

धागा आवडला. माझे वडील लांजा तालुक्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत लागले. त्यांच्या नोकरीचे खरे कारण कबड्डी हेच होते, म्हणून या बाजूने लिहितो.

त्या पिढीत 'खेळातले करिअर' याचा अर्थ नोकरी असाच होता. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या भागांतल्या कबड्डी मंडळांत कोकणातल्या मुलांचाच भरणा असे. गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे, सकाळी पाळीला जायचे आणि संध्याकाळी चाळीच्या मधल्या पटांगणात उतरायचे. गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे आणि मोठ्या कंपन्यांचे संघ होते. एखाद्या चांगल्या मध्यरक्षकावर स्पर्धेत कुणाची नजर पडली की महिन्याभरात तो कायम नोकरीत जाई. शंकरराव साळवी, म्हणजे आपले बुवा साळवी, यांनी या खेळाची संघटना उभी करण्यात आयुष्य वेचले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या काळातल्या खेळाडूला बुवांसारख्या कार्यकर्त्यांचा आधार वाटे, तो मुख्यतः ते नोकरीसाठी शब्द टाकत म्हणून.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर ही साखळी तुटत गेली. गिरण्यांचे संघ गेले, पुढे कंपन्यांनीही खेळाडूंची भरती आखडती घेतली. कोकणातल्या कबड्डीवर याचा झालेला परिणाम कुणी नीट मांडलेला नाही. निवृत्त झालेला गिरणी कामगार गावी परतला की तो आपोआप गावाचा प्रशिक्षक होई. त्याच्याकडे थोडेफार निवृत्तिवेतन असे, वेळ असे आणि मुंबईच्या मोठ्या स्पर्धा खेळल्याचा अनुभव असे. माझ्या वडिलांना संपानंतर गावी परतावे लागले, ते हाती काही नसताना. तरीही त्यांनी मुलांना शिकवले, पण भातशेती आणि दुसऱ्यांच्या बागेतली मजुरी सांभाळून. त्यांच्यानंतर आमच्या वाडीत शिकवणारा कुणी राहिला नाही.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली हे खरे आहे. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. हे आकडे ऐकून आमच्या गावची मुलेही मातीवरून मॅटवर जाण्याची स्वप्ने पाहतात. परंतु लीगमध्ये मोजकेच संघ आहेत आणि त्यांतले खेळाडू देशभरातून येतात. कायम नोकरी मात्र शेकडो मुलांना मिळत असे. दोन्हींची तुलना करताना हे विसरू नये.

खांबाजवळची

नमस्कार. मी रत्नागिरीजवळ राहते. माझी मुलगी नववीत आहे आणि खो-खो खेळते. रत्नागिरीत मुलींच्या खो-खोचे वातावरण चांगले आहे, इथून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेलेल्या मुली तिने जवळून पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर सरावही केला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरे काही नाही. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच होते, याचे तिला फार अप्रूप आहे.

आमच्यापुढचा प्रश्न दुसऱ्या मुद्द्याचा आहे. घाटावरच्या एका मोठ्या शहरातून तिला बोलावणे आले आहे. तिथे वसतिगृह आहे, मॅट आहे, दोन वेळचा सराव आहे. तिचे इथले सर सकाळी साडेपाचला मैदानावर असतात, एक रुपयाही घेत नाहीत आणि दिवसा एका दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी करतात. 'तिच्या भल्याचे असेल ते करा, माझा विचार करू नका,' एवढेच ते म्हणाले. मुलगी तेव्हापासून गप्प आहे. तिचे वडील म्हणतात पाठवू या. माझे मन होत नाही, आणि ते केवळ आईच्या काळजीमुळे आहे की त्यामागे काही विचार आहे, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी पाने

ताई, आपल्या प्रश्नाकडे अनुभवी मंडळी येतीलच. मी इतिहासाचा वाचक आहे, त्यामुळे एका अशा खेळाडूबद्दल लिहितो ज्याला प्रशिक्षक मिळालाच नाही.

पालवणकर बाळू यांचे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण या मूळ गावावरून आले. त्यांचा जन्म धारवाडचा आणि बालपण पुण्यात गेले, कारण वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पारशी क्रिकेटपटूंच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम त्यांनी महिना ३ रुपयांवर धरले, आणि पुढे युरोपीयांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर लागले. तिथे जे. जी. ग्रेग या नावाजलेल्या फलंदाजाला ते तासन् तास सरावासाठी गोलंदाजी करत. त्या काळी फलंदाजी हा साहेबांचा मान होता, म्हणून बाळूंच्या हाती तिथे बॅट कधी दिली गेली नाही. त्यांची डावखुरी फिरकी या सक्तीच्या मेहनतीतून तयार झाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्याच माणसाला जातीमुळे मैदानावर चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तोही पॅव्हेलियनच्या बाहेर दिला जात असे. त्या काळी धर्मानुसार संघ असत, त्यांतल्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि त्यासाठी घरातल्या चार भावांना मैदानावर आणि मैदानाबाहेर दीर्घकाळ झगडावे लागले.

धागाकर्त्यांनी 'घडवणारे' असा शब्द वापरला आहे. बाळूंना घडवण्याच्या हेतूने कुणीच काही केले नाही. त्यांचा वापर केला गेला आणि ते त्यातूनही घडले. म्हणून ज्या मुलामुलींच्या वाट्याला पहाटे साडेपाचला मैदानावर येणारा माणूस आला आहे, त्यांना किती मोठी गोष्ट मिळाली आहे हे बाळूंच्या चरित्रावरून समजते. बाळू आणि त्यांचे बंधू यांच्याविषयी आपल्या शाळांत एक धडा तरी असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

सड्यावरचा

मी देवगड तालुक्यातला. आमच्याकडे शिमग्यापासून मे अखेरपर्यंत सड्यावर टेनिस चेंडूचे सामने चालतात. कातळावर माती पसरून खेळपट्टी तयार होते, चाकरमानी मुंबईहून संघ घेऊन येतात, रात्रीचे सामने प्रकाशझोतात होतात आणि बक्षिसांच्या रकमा मोठ्या असतात. २०२४ मध्ये टेनिस चेंडूची दहा षटकांची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग (आयएसपीएल) ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात सुरू झाली, तेव्हापासून याही खेळातून थोडेफार नाव आणि पैसा मिळू शकतो हे मुलांना दिसले आहे. हे चांगलेच आहे.

माझी खंत वेगळी आहे. लेदर चेंडूचे क्रिकेट शिकवणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. टेनिस चेंडूवर मुलगा सहा-सहा षटकार मारतो, पण चेंडू आत वळतो की बाहेर जातो हे मनगटावरून ओळखायला त्याला कुणी शिकवलेले नसते, आणि अठराव्या वर्षी ते शिकायला तो मुंबईत गेला तर तिथली मुले आठव्या वर्षापासून तेच करत आलेली असतात.

उत्तर कोकणातले शार्दूल ठाकूरचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तो पालघरचा. तिथे तो घडायला लागला होता, पण आंतरशालेय क्रिकेटमधली त्याची खेळी पाहून दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले. रोज पालघरहून पहाटेच्या गाडीने येणे शक्य नव्हते, म्हणून सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. रोहित शर्माची शाळेची फी माफ करून घेणारे हेच सर. त्यांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शार्दूलने २०२१ च्या ब्रिस्बेन कसोटीत ६७ धावा केल्या आणि दोन्ही डावांत मिळून ७ बळी घेतले, पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. पालघर ते बोरिवली हे अंतर निदान रेल्वेने जोडलेले आहे. देवगडच्या मुलाला असे कुणी घरी ठेवून घेईपर्यंत तो कुणाच्या नजरेला पडतच नाही.

लालमाती (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 'सड्यावरचा' यांच्या नजरेच्या मुद्द्यावरून दिलीप वेंगसरकर आठवले. त्यांचा जन्म राजापूरचा. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी तीन लागोपाठ कसोटी शतके काढणारा हा फलंदाज निवृत्तीनंतर क्रिकेट मंडळाच्या गुणवत्ता शोध योजनेचा प्रमुख झाला. मोठ्या शहरांबाहेर पडून लहान गावांतल्या सामन्यांना आपली माणसे पाठवायची, हा त्या योजनेचा गाभा होता, आणि महेंद्रसिंग धोनीचे नाव त्याच वाटेने वर आले. पाहणारा डोळा गावापर्यंत पोहोचला तर काय घडते, याचा हा पुरावा आहे. कबड्डी, खो-खो, कॅरम, समुद्रातले पोहणे या आपल्या खेळांना असा डोळा नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, राज्यभरातून जलतरणपटू येतात. तिथे रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांची मुले लाटेत सहज पोहताना दिसतात, पण त्यांचा हात पाण्यात कसा पडतो हे सुधारणारा कुणी नसतो.

आता ताईंच्या प्रश्नाबद्दल. आपली काळजी केवळ आईची नाही, त्यामागे विचार आहे. बाहेर जावे की नाही हे मॅट आणि वसतिगृह पाहून ठरवू नये. तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. तिथे तिच्या वयाच्या किती मुली आहेत आणि गेल्या वर्षी गेलेल्यांपैकी किती टिकल्या? दुखापत झाली तर खर्च कोण करते? आणि तिला शिकवणारा माणूस तोच राहणार आहे की दर हंगामाला बदलणार आहे? खो-खोमध्ये नऊ मिनिटांच्या संरक्षणात एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या एकेका खेळाडूमधून नागमोडी पळताना श्वास कसा राखायचा, दुहेरीत केव्हा शिरायचे आणि खांबाजवळ सूर मारणाऱ्या आक्रमकाला चकवण्यासाठी शेवटच्या क्षणी कोणत्या पायावर वळायचे, हे त्या एका मुलीचे शरीर ओळखणाराच सांगू शकतो. तिच्या सरांनी ते ओळखले आहे. ते टाकून जाण्याइतके तिकडे काही आहे का, ते पाहावे. माझ्या अनुभवात दहावीनंतर बाहेर गेलेली मुले जास्त टिकली, सातवी-आठवीत गेलेली पुष्कळ परतली आणि परतल्यावर त्यांतली बरीच मैदानावर आली नाहीत.

पाठीचा कणा

मी सिंधुदुर्गात फिजिओथेरपिस्ट आहे. लालमाती सरांनी दुखापतीचा प्रश्न विचारला, तो फार योग्य जागी विचारला.

माझ्याकडे येणाऱ्या कबड्डीपटूंत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटलेले खेळाडू सर्वाधिक आहेत. बोलताना सगळे 'लिगामेंट गेले' एवढेच म्हणतात. पकडीत अडकलेला पाय जमिनीवर रुतलेला असतो आणि वरचे शरीर फिरते, तेव्हा हे होते. मोठ्या शहरात तपासणी, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर साधारण नऊ महिने ते वर्षभराचे पुनर्वसन होते. आपल्याकडे मुलगा आधी चोळून घेतो, पट्टी बांधतो, सूज उतरली की पुन्हा उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गुडघा फिरल्यावर माझ्याकडे येतो. तोवर गुडघ्यातल्या गादीलाही इजा झालेली असते. हिंदळेकरांना उपचार उशिरा मिळाले त्याला पाऊण शतक उलटून गेले, आणि आजही माझ्यासमोर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाचे उत्तर तेच असते : पैसे नव्हते आणि कुणी सांगितले नाही.

दुसरी बाब वजनाची. कुमार गटात वजनाची मर्यादा असते. स्पर्धेच्या आधी दोन-तीन दिवस मुले पाणी तोडतात, प्लास्टिकचे कपडे घालून पळतात आणि वजन देऊन झाल्यावर त्याच दिवशी खेळतात. कोरड्या पडलेल्या शरीराने दमट हवेत खेळणे धोक्याचे आहे. हे थांबवू शकणारी व्यक्ती एकच आहे, ती म्हणजे प्रशिक्षक. ज्या संघांबरोबर जुना, शिकलेला शिक्षक आहे त्या संघांत मला हा प्रकार कमी दिसतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम केलेले दोन-तीन जण जरी प्रत्येक तालुक्यात नेमले गेले तरी माझ्याकडची निम्मी गर्दी कमी होईल, असा माझा विश्वास आहे.

बाद रेषा

सर्वांनी गावच्या प्रशिक्षकांबद्दल आदराने लिहिले आहे आणि तो आदर मलाही आहे. तरीही दुसरी बाजू नोंदवतो, कारण ती मी भोगली आहे.

मी रायगड जिल्ह्यातला. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात कबड्डी घराघरात आहे. मी कुमार गटात असताना मला बाहेरच्या एका नावाजलेल्या संघाकडून विचारणा झाली होती. आमच्या मंडळाने मला सोडले नाही. प्रशिक्षक चांगले होते, त्यांनीच मला पकड शिकवली, पण तीन महिन्यांनी गावच्या स्पर्धेचा चषक राखायचा होता आणि त्यासाठी मी हवा होतो. ना हरकत पत्र मिळेपर्यंत माझे कुमार गटाचे वय संपले. त्यानंतर संधी आली नाही. आज मी खाजगी नोकरी करतो आणि रविवारी मुलांना शिकवतो.

फुकट शिकवणाऱ्या माणसाकडे मुलाला बांधून ठेवण्याचा एक अलिखित हक्क येतो. मुलाचे यश हीच त्याची एकमेव कमाई असते, त्यामुळे ते हातचे जाऊ देणे त्याला जड जाते. मानधन ठरलेले असेल आणि मुलगा पुढे गेल्यावर पहिल्या प्रशिक्षकाचे नाव अधिकृतपणे नोंदले जात असेल, तर ही ओढाताण कमी होईल.

लालमाती (धागाकर्ता)

'बाद रेषा' यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही. त्यांनी म्हटले ते खरे आहे आणि ते अनेक मंडळांत घडते. याच कारणासाठी मी पहिल्या प्रशिक्षकाच्या नोंदीचा आग्रह धरतो. राज्य संघात निवड होताना खेळाडूच्या अर्जावर सध्याच्या संघाचे आणि प्रशिक्षकाचे नाव लिहिले जाते. त्याच कागदावर 'प्रथम मार्गदर्शक' असा एक रकाना असावा आणि शासनाच्या रोख बक्षिसातला ठरावीक हिस्सा त्या व्यक्तीकडे जावा. पटसंख्या घटल्यामुळे आपल्या लहान शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षक उरलेला नाही, हे ध्यानात घेतले तर येत्या काळात सगळा भार अशा विनामोबदला काम करणाऱ्यांवरच येणार आहे. जिल्हा संघटनांच्या वार्षिक सभांमध्ये हा विषय मांडायला माझी तयारी आहे. रायगड आणि सिंधुदुर्गातून कुणी साथ देणार असेल तर कळवावे.

खांबाजवळची

सर्वांचे मनापासून आभार. लालमाती सरांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न आम्ही त्या संस्थेला विचारले. शिकवणाऱ्यांबद्दल नेमके उत्तर मिळाले नाही आणि दुखापतीचा खर्च पालकांनीच करायचा आहे असे कळले. दहावीपर्यंत तिने इथेच राहावे असे आम्ही दोघांनी ठरवले, आणि ते ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. तिलाही आत्ताच जायचे नव्हते, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती.

'बाद रेषा' दादांचे लिहिणे तिच्या सरांना वाचून दाखवले. दहावीनंतर योग्य जागा मिळाली तर एका दिवसात ना हरकत पत्र देईन, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. आम्ही सात-आठ पालकांनी मिळून त्यांना दरमहा ठरावीक रक्कम आणि विभागीय स्पर्धेला जाण्या-येण्याचा खर्च द्यायचे ठरवले आहे. त्यांनी आधी नकार दिला, नंतर मान्य केले.

एक शंका आहे. नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी लागते असे ऐकले. ती कुठे होते आणि आत्तापासून कोणती कागदपत्रे सांभाळावीत?

गिरणगावकर

ताई, पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते, आपल्यासाठी ते कोल्हापूरला आहे. मूळ प्रमाणपत्राबरोबर त्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज, संघाची यादी आणि निकालपत्रक यांच्या प्रती मिळतील तितक्या त्याच आठवड्यात घेऊन ठेवा. पाच-सहा वर्षांनी आयोजकांकडे दप्तर सापडत नाही आणि खरा खेळाडूही अडकून पडतो. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तंतोतंत जुळते ना, हे प्रमाणपत्र हातात पडताच तिथल्या तिथे पाहून घ्या. माझ्या पुतण्याच्या प्रमाणपत्रात वडिलांच्या नावाचे एक अक्षर चुकले होते, ते दुरुस्त करून घेण्यात भरतीची तारीख निघून गेली.